राइट्स आलाय, भरायचा का?

मे २०२०. टाळेबंदीचे दिवस, कोणी कुठे जात नव्हतं, त्यामुळे फोन लांबायचे. डोंबिवलीहून आत्याचा फोन आला.

"अरे, माझ्या डीमॅटमध्ये रिलायन्सचे पाच शेअर जास्तीचे दिसतायत. नावापुढे आरई असं काहीतरी लिहिलंय. बोनस दिला का रे त्यांनी?"

"बोनस नाही आत्या, राइट्स आहे."

"म्हणजे फुकट नाही?"

"नाही. पैसे भरायचे."

"मग नको बाई. असल्या दिवसांत कोण पैसे भरतंय. राहू दे तसेच."

आतोबांनी कापडाच्या जमान्यात घेतलेला रिलायन्स होता तो. बोनस आणि वाटण्यांतून वाढत वाढत ८० शेअर झालेले. आतोबा गेल्यावर ते आत्याच्या नावावर आले, आणि तिच्या लेखी ते देवघरातल्या चांदीसारखे, विकायचे नाहीत आणि हलवायचेही नाहीत. त्यामुळे "राहू दे तसेच" हे तिचं नेहमीचं धोरण. एरवी ते तिला फळलंही होतं. पण राइट्सच्या बाबतीत "राहू दे तसेच" म्हणणाऱ्याचे पैसे जातात, आणि गेलेले कळतसुद्धा नाहीत. ते कसे, हे तिला तासभर समजावलं. जवळपास तेच इथे लिहितो आहे.

आधी राइट्स म्हणजे काय ते. कंपनीला पैसे हवे असले की तिच्यापुढे मोजके रस्ते असतात. बँकेकडून किंवा रोख्यांतून कर्ज काढायचं. एखाद्या बड्या गुंतवणूकदाराला नवे शेअर विकायचे. सगळ्या जनतेला विकायचे. किंवा जे आधीपासून मालक आहेत, त्यांनाच सांगायचं की बाबांनो, प्रत्येकाने आपापल्या हिश्शाप्रमाणे आणखी थोडे शेअर घ्या. हा शेवटचा रस्ता म्हणजे राइट्स इश्यू, पुस्तकी मराठीत हक्कभाग विक्री. दलाल लोक नुसतं "राइट्स आला" म्हणतात, आणि पैसे देऊन शेअर घेण्याला "राइट्स भरणं".

यामागचं तत्त्व आपल्याकडे भाऊबंदकीत मुरलेलं आहे. चार भावांची सामाईक विहीर आहे, ती खोल करायला पैसे हवेत. बाहेरच्या कुणाला हिस्सा देऊन पैसे आणता येतील, पण आधी भावांना विचारायला हवं. न विचारता पाचवा हिस्सेदार आणलात तर प्रत्येकाचं पाणी कमी होणार. कंपनी कायदा हेच सांगतो. २०१३च्या कायद्यात ते कलम ६२ मध्ये आहे, त्याआधी १९५६च्या कायद्यात कलम ८१ मध्ये होतं. नवे शेअर काढायचे तर आधी जुन्या भागधारकांना, त्यांच्या हिश्शाच्या प्रमाणात. बाहेरच्यांना द्यायचे असतील तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो.

आता आत्याच्या पाच आरईंकडे येऊ.

रिलायन्सने ३० एप्रिल २०२० रोजी जाहीर केलं की ५३,१२४ कोटी रुपयांचा राइट्स आणतोय. दर १५ शेअरमागे एक नवा शेअर, किंमत १,२५७ रुपये. त्या दिवशी बाजारात भाव साधारण १,४६७ होता. वरवर पाहता शेअरमागे २१० रुपयांची सूट, म्हणजे १४ टक्के. वर्तमानपत्रांनी हीच सूट ठळक छापली आणि बहुतेकांनी तेवढंच वाचलं.

पण सूट देतंय कोण? कंपनी तुमची, शेअर तुमचे. स्वतःच्या दुकानातून स्वतःच सवलतीत माल घेतला तर फायदा कुणाकडून झाला?

कागदावर मांडून बघा. १५ शेअर, प्रत्येकी १,४६७, झाले २२,००५ रुपये. त्यात नवा एक १,२५७चा घातला की १६ शेअर आणि एकूण २३,२६२. भागा सोळाने. येतात १,४५४, पैसे सोडले तर. म्हणजे राइट्सची तारीख उलटली की बाकी काहीही न घडता शेअरचा भाव १,४६७ वरून १,४५४ वर यायला हवा. तुमच्या प्रत्येक जुन्या शेअरमागे साधारण १३ रुपये गेले. पंधरा शेअरमागे १९७ रुपये. आणि नव्या शेअरवर तुम्हाला मिळाले किती? १,४५४ उणे १,२५७, म्हणजे १९७.

डाव्या खिशातून गेले ते उजव्या खिशात आले. भरणाऱ्याला ना नफा ना तोटा.

उजव्या खिशातले ते १९७ रुपये म्हणजेच आरई, राइट्स एन्टायटलमेंट, मराठीत हक्क. ही वस्तू शेअर नव्हे, सवलतीत शेअर घेण्याचं कूपन आहे. कूपन वापरा किंवा विका, १९७ तुमच्याकडे राहतात. काहीच केलं नाही, तर इश्यू बंद झाल्यावर कूपन रद्द होतं आणि डीमॅटमधून पुसलं जातं. डाव्या खिशातले मात्र गेलेलेच असतात. आत्याच्या पाच कूपनांची किंमत हजाराच्या आसपास होती. ती "राहू दे" म्हणत होती ते या हजाराला.

पूर्वी हे कूपन विकणं म्हणजे दिव्य होतं. टपालाने लांबलचक फॉर्म यायचा, त्यातला एक भाग भरून हक्क दुसऱ्याच्या नावे सोडायचा, दलालाला गाठायचं, तो म्हणेल तो भाव. छोटे भागधारक त्या फंदात पडायचेच नाहीत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जानेवारी २०२० मध्ये परिपत्रक काढून हे हक्क थेट डीमॅटमध्ये जमा करायला आणि शेअरसारखे बाजारात विकायला सुरुवात केली. त्यानंतरचा पहिला अतिप्रचंड राइट्स रिलायन्सचा. २० मे ते २९ मे असे त्याचे हक्क बाजारात खरेदी-विक्रीला होते, इश्यू ३ जूनला बंद झाला. आत्याला मोबाइलवर पाच आरई दिसले, याचं कारण हा बदल.

गंमत म्हणजे पहिल्याच दिवशी त्या आरईचा भाव दोनशेच्या पुढे गेला, आपल्या कागदावरच्या हिशेबापेक्षा जास्त. लोक वेडे झाले होते का? नाही. या राइट्समध्ये सगळे पैसे एकदम भरायचे नव्हते. अर्जासोबत २५ टक्के म्हणजे ३१४ रुपये २५ पैसे, तेवढेच मे २०२१ मध्ये, आणि उरलेले ६२८ रुपये ५० पैसे नोव्हेंबर २०२१ मध्ये. दीड वर्षाचा बिनव्याजी हप्ता. शिवाय थोडक्या पैशांत पूर्ण शेअरची चढ-उतार अंगावर घेता येणार. त्या सोयीची किंमत बाजार कूपनात धरत होता.

इथे एक गोष्ट मला पटलेली आहे, आणि बऱ्याच जाणत्या लोकांनाही ती उलटी वाटते. राइट्समध्ये सूट १० टक्के असो की ६० टक्के, भरणाऱ्याला आणि कूपन विकणाऱ्याला तिने तत्त्वतः काही फरक पडत नाही. सूट जितकी मोठी, तितका मार बसतो तो फक्त काहीच न करणाऱ्याला. मोठी सूट ही बक्षिसासारखी दिसते, पण तिचं काम वेगळं असतं, भागधारकाला हात वर करून बसू न देणं.

याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण व्होडाफोन आयडिया. २०१९च्या एप्रिलमध्ये या कंपनीने २५,००० कोटींचा राइट्स आणला. प्रमाण ३८ शेअरमागे ८७ नवे शेअर! किंमत १२ रुपये ५० पैसे, बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. हिशेबासाठी भाव ३० रुपये धरू. ३८ शेअरचे १,१४० रुपये. त्यात ८७ नव्यांचे १,०८७ रुपये ५० पैसे. १२५ शेअर, एकूण २,२२७ रुपये ५० पैसे, म्हणजे शेअरमागे पावणेअठरा. जो भागधारक गप्प बसला, त्याच्या ३८ शेअरची किंमत १,१४० वरून ६७७ वर आली. कंपनीचं काही बिघडलं नाही, कुठलीही वाईट बातमी नाही, फक्त हा एक फॉर्म भरला नाही म्हणून. आणि तेव्हा डीमॅट आरई नव्हते, कूपन विकायचं तर कागदच.

अशा राइट्सला "भरायचा का" हा प्रश्नच राहत नाही, मानगूट धरून भरायला लावणं असतं ते. व्होडाफोन ग्रुपने ११,००० कोटींपर्यंत आणि आदित्य बिर्ला ग्रुपने ७,२५० कोटींपर्यंत घालायची तयारी आधीच जाहीर केली होती, म्हणून इश्यू पूर्ण भरला. सहाच महिन्यांत, २४ ऑक्टोबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारी देण्यांच्या प्रकरणात, ज्याला सगळे एजीआर म्हणतात, दूरसंचार कंपन्यांच्या विरोधात निकाल दिला. व्होडाफोन आयडियाने त्या सप्टेंबर तिमाहीत ५०,९२२ कोटींचा तोटा दाखवला. भारतीय कंपनीने एका तिमाहीत इतका तोटा तोवर दाखवलेला नव्हता. नोव्हेंबरात शेअर तीन रुपयांच्या खाली गेला. साडेबारा रुपये भरून ज्यांनी आपला हिस्सा राखला, त्यांनी बुडत्या होडीतली आपली जागा राखली.

म्हणजे वरचं गणित चुकलं का? गणित बरोबरच आहे. ते फक्त एवढंच सांगतं की त्या घडीला सवलतीपोटी तुमचं नुकसान होऊ नये म्हणून काय करायचं. कंपनीत आणखी पैसे घालावेत का, हा निराळा प्रश्न. आणि दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात तिथेच लोक फसतात. कंपनीवर भरवसा असेल तर भरा. नसेल तर कूपन विका, वाटलं तर जुने शेअरही विका. "सूट मिळतेय म्हणून भरतो" हे कारण मात्र दोन्हीत बसत नाही.

आता बाजाराच्या प्रतिक्रियेकडे बघू. राइट्सची बातमी आली की शेअर पडतो, असा एक समज आहे. समज खोटा नाही. कारण उघड आहे: कंपनी पैसे मागते म्हणजे तिला पैसे कमी पडतायत. बँका देत नाहीत का? देत असतील तर मग आमच्याकडे का? कंपनीतल्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, तेव्हा ते शेअर विकायला निघाले की समोरचा भुवया वर करणारच. भाजीवाला मंडई संपायच्या आधीच निम्म्या भावात मेथी देऊ लागला, तर आपण जुडी उलटीपालटी करून बघतो, तसंच.

पण ही भुवई कुठे उतरते, ते दोन गोष्टींवर ठरतं. एक, पैसे कशासाठी? दोन, मालक स्वतः किती घालतोय?

रिलायन्सच्या बाबतीत दोन्ही उत्तरं स्वच्छ होती. मुकेश अंबानींनी ऑगस्ट २०१९ च्या वार्षिक सभेत सांगितलं होतं की मार्च २०२१ पर्यंत कंपनी निव्वळ कर्जमुक्त करणार. २२ एप्रिल २०२० ला फेसबुकने जिओमध्ये ४३,५७४ कोटी घातल्याची बातमी आली होती. आठवडाभरात राइट्स. आणि प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात असते त्या मालकांनी, आपला पूर्ण हिस्सा भरू, वर कुणी न भरलेलंही आम्ही उचलू, असं सांगून टाकलं. बाजाराची प्रतिक्रिया काय, हे मात्र नीट वाचताच आलं नाही. ३० एप्रिल गुरुवार होता. १ मे ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी. मग शनिवार-रविवार. सोमवारी ४ मे ला बाजार उघडला तो सेन्सेक्स दोन हजार अंकांनी कोसळायलाच. रिलायन्सही पडला, पण बाजारापेक्षा बराच कमी. त्याच दिवशी सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीची जिओमधली गुंतवणूकही जाहीर झाली होती. आता यातलं किती राइट्समुळे, किती सिल्व्हर लेकमुळे, किती करोनामुळे, सांगा बघू. संध्याकाळी टीव्हीवर मात्र सगळ्यांना नेमकं माहीत होतं.

खरी प्रतिक्रिया दिसली ती ३ जूनला, इश्यू बंद झाल्यावर. १.५९ पट भरला, म्हणजे होते त्याच्या १.५९ पट शेअरना मागणी आली.

एअरटेलच्या बाबतीत तर शेअर पडलाही नाही. रविवारी, २९ ऑगस्ट २०२१ ला, २१,००० कोटींचा राइट्स जाहीर झाला, १४ मागे १, किंमत ५३५, सुरुवातीला फक्त २५ टक्के. सोमवारी शेअर चढूनच बंद झाला. दूरसंचारात तेव्हा तिघंच खासगी खेळाडू उरले होते आणि तिसरा आचके देत होता. अशा वेळी एअरटेल पैसे जमवतेय, आणि मालक स्वतःचा हिस्सा पूर्ण भरतायत, याचा अर्थ बाजाराने "अडचण" असा न लावता "तयारी" असा लावला.

आता थोडं लंडनला जाऊन येऊ, कारण तिथे तेव्हा भागधारकांच्या हातात एक असं हत्यार होतं जे आपल्याकडे नाही.

१ मार्च २०१० रोजी प्रुडेन्शियल या ब्रिटिश विमा कंपनीने जाहीर केलं की अमेरिकेच्या एआयजीकडून तिचा आशियातला विमा धंदा, एआयए, साडेपस्तीस अब्ज डॉलरना घेणार. त्यासाठी भागधारकांकडून साडेचौदा अब्ज पाउंडांचा राइट्स. नवे मुख्याधिकारी तिजान थियाम यांचा हा मोठा डाव. शेअर त्याच दिवशी आपटला. पण ब्रिटनमध्ये एवढ्या व्यवहाराला भागधारकांच्या सभेची मंजुरी हवी होती, आणि तीही ७५ टक्के. बड्या फंडांनी स्पष्ट सांगितलं, किंमत फार आहे, आम्ही मत देणार नाही. प्रुडेन्शियलने एआयजीकडे भाव कमी करून मागितला, तिने नकार दिला, आणि जून २०१० च्या सुरुवातीला सगळा बेत बारगळला. सल्लागार, वकील, बँका यांच्या बिलांचे कोट्यवधी पाउंड तेवढे खर्ची पडले. ते अर्थात भागधारकांचेच.

आपल्याकडे राइट्सला अशी सभा लागत नाही. अधिकृत भांडवलाच्या, म्हणजे कंपनीला एकूण किती भांडवलाचे शेअर काढता येतात त्या, मर्यादेत असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो. मंडळ ठरवतं, किंमत ठरवतं, तारीख ठरवतं. त्यामुळे आपल्याकडचा भागधारक राइट्सवर मत देतो ते खिशातून. भरला तर होकार. कूपन विकलं तर "कंपनी चांगली असेल, पण माझे आणखी पैसे नकोत". शेअरसकट विकलं तर काडीमोड.

आणि गप्प बसला तर? ते मत प्रवर्तकाच्या पेटीत पडतं. न भरलेले शेअर हवेत विरत नाहीत. ज्यांनी जास्तीचे मागितले त्यांना मिळतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त मागणारा प्रवर्तक असतो. एरवी प्रवर्तकाला हिस्सा ठरावीक प्रमाणाबाहेर वाढवायचा तर बाकीच्या भागधारकांना त्यांचे शेअर विकत घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते. राइट्समधून वाढला तर अटी पाळून त्यातून सूट मिळते. छोट्या, फारशा माहीत नसलेल्या कंपन्यांचे राइट्स मी त्यासाठी जरा डोळे बारीक करून वाचतो. सूट भरमसाट, मुदत अपुरी, पत्रव्यवहार तोकडा असं दिसलं की शंका येते की इथे भागधारकाने भरू नये अशीच मनातून इच्छा असावी.

उलट टोकाला, कुणीच न भरण्याची वेळही येते. २००८ च्या एप्रिलमध्ये एचबीओएस या ब्रिटिश बँकेने ४ अब्ज पाउंडांचा राइट्स २७५ पेन्सला आणला. जाहीर केला तेव्हा ती सवलत होती. पण इश्यू उघडा असताना बाजारभावच २७५ च्या खाली गेला. बाजारात स्वस्त मिळत असताना कंपनीकडून महाग कोण घेणार? फक्त आठ टक्क्यांच्या आसपास भरणा झाला. उरलेले शेअर, ते आपण घेऊ अशी हमी दिलेल्या बँकांच्या गळ्यात पडले. पुढच्या जानेवारीत एचबीओएस लॉइड्समध्ये विलीनच झाली. आपल्याकडेही नियम असा की साधारणपणे ९० टक्के भरणा झाला नाही तर पैसे परत करायचे, मात्र प्रवर्तकांनी पूर्ण जबाबदारी घेतली असेल आणि पैसा नव्या प्रकल्पासाठी नसेल तर त्यातून मुभा आहे.

माझी स्वतःची एक फजिती सांगून टाकतो. एका कंपनीचे, नाव घेत नाही, आरई बाजारात स्वस्त दिसले. १८ रुपयांनी २०० घेतले. डीमॅटमध्ये जमा झाले, मी खूश. माझ्या डोक्यात शेअर घेतल्यासारखंच वाटत होतं. पुढे कामात गुंतलो. दोन आठवड्यांनी बघतो तर खात्यात ते नाहीतच. मी अर्जच केला नव्हता. कूपन विकत घेतलं आणि दुकानात गेलोच नाही. ३,६०० रुपये स्वच्छ गेले, आणि दोष द्यायला समोर कुणी नाही. आरई विकत घेतला म्हणजे शेअर मिळत नाही. इश्यू बंद व्हायच्या आत अर्ज करून पैसे भरावेच लागतात. आणि आरईची खरेदी-विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते, त्यामुळे "शेवटच्या दिवशी बघू" म्हणणाऱ्याला ते विकताही येत नाहीत.

मूळ तारखेचाही असाच घोळ होतो. हक्क मिळतो तो नोंद तारखेला, म्हणजे रेकॉर्ड डेटला, ज्याच्या खात्यात शेअर असतील त्याला. आता सौदा दुसऱ्या दिवशी पुरा होतो, तेव्हा नोंद तारखेच्या आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत शेअर घेतलेले असायला हवेत. नोंद तारखेलाच घेतलात तर हक्क विकणाऱ्याकडे राहतो. एप्रिल २०२५ पासून सेबीने संचालक मंडळाच्या मंजुरीपासून २३ कामकाजाच्या दिवसांत सगळा राइट्स उरकायला सांगितलं आहे. कंपन्यांना ते बरं. पण गणपतीत गावी गेलेला माणूस परत येईपर्यंत राइट्स येऊन जाऊही शकतो, एवढं लक्षात असू द्या.

अजूनही कुणाच्या कपाटात आजोबांच्या नावचे कागदी शेअर पडलेले असतील तर त्यांना सगळ्यात मोठा धोका. कागदी शेअरवाल्यांचे हक्क कंपनीच्या एका तात्पुरत्या खात्यात ठेवतात. इश्यू बंद व्हायच्या दोन कामकाजाचे दिवस आधीपर्यंत डीमॅट खात्याची माहिती दिली नाही तर ते संपले. अशी कितीतरी कुटुंबं असतील ज्यांना आपले असे हक्क कधी आले होते आणि कधी गेले, याचा पत्ताच नाही.

करही लक्षात ठेवा. कूपन विकलंत तर त्याची खरेदी किंमत शून्य धरतात, म्हणजे आलेली सगळी रक्कम नफा, आणि तीही अल्पमुदतीची. म्हणून कूपन विकणाऱ्याच्या हातात गणितातल्यापेक्षा थोडं कमीच पडतं.

राइट्स भरावा की नाही, हे कंपनीचं ऑफर लेटर, म्हणजे राइट्सचं माहितीपत्रक, उघडून ठरवायचं झालं तर मी सगळ्यात आधी "पैशांचा वापर" हे पान काढतो. कारखाना, कर्जफेड, की "सर्वसाधारण कामकाज"? या शेवटच्या खात्यावर जमलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांहून जास्त घालता येत नाही, पण काही कंपन्या अगदी त्या रेषेला नाक लावून उभ्या असतात. मग प्रवर्तक भरणार की हक्क सोडणार, ते. त्यानंतर आधीचे कर्ज आणि व्याज. बाकीची दोनशे-तीनशे पानं खरं सांगायचं तर चाळतो.

कर्जफेडीचा राइट्स म्हणजे वाईटच, असंही नाही. पुण्याच्या हडपसरला मुख्यालय असलेली सुझलॉन घ्या. वर्षानुवर्षं कर्जाखाली दबलेली. २०२२ च्या ऑक्टोबरात १,२०० कोटींचा राइट्स, शेअर ५ रुपयांना, २१ मागे ५, आधी अडीच रुपये आणि मग अडीच. उद्देश कर्ज कमी करणं. इश्यू ११ ऑक्टोबरला उघडणार होता आणि १ ऑक्टोबरला संस्थापक तुलसी तांती यांचं हृदयविकाराने निधन झालं. कंपनीला भांडवलाची गरज, आणि तिचा चेहराच गेला. हा राइट्स पडेल असं वाटणारे कमी नव्हते. इश्यू ठरल्या तारखेलाच उघडला आणि १.८ पट भरला. २०२४ च्या सप्टेंबरात तोच शेअर ८० च्या वर होता. यावरून कर्जबाजारी कंपन्यांचे राइट्स झपाट्याने भरत सुटू नका. व्होडाफोन आयडियावालेही कर्ज कमी करायलाच पैसे मागत होते.

आत्याकडे परत येतो. तासाभराच्या फोननंतर तिने विचारलं, "म्हणजे हजार रुपयांची वस्तू मी टाकून देणार होते?"

"हो."

"आणि भरले तर आत्ता किती?"

"पाच शेअरचे १,५७१ रुपये २५ पैसे. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेवढेच. मग नोव्हेंबरात ३,१४२ रुपये ५० पैसे. एकूण ६,२८५."

"आणि ८० ला १५ ने भागलं तर पाच पूर्णांक एक तृतीयांश येतात ना? तो एक तृतीयांश कुठे गेला?"

शाळेत गणित शिकवायची ती. अपूर्णांक सोडून देतात, पण ज्यांचा अपूर्णांक राहिला त्यांनी एक शेअर जास्तीचा मागितला तर त्यांना प्राधान्य मिळतं, असं सांगितलं. "मग सहा मागते," ती म्हणाली. अर्ज ऑनलाइन भरायला रात्रीचे नऊ वाजले. तिला ओटीपी येत नव्हता, कारण बँकेत आतोबांचाच जुना नंबर लागलेला निघाला.